अकरा उत्तरांतली मुंगी

प्रिय मुंगी,

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याच्यापेक्षा जास्त बाबा कुरकुरतात. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मी इतकी वर्षं किती धुळीत राहत होते ते एकदम दिसायला लागलं. शाळेतून निवृत्त झाले, पण आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या सराव-पुस्तकातून सुटका नाही. त्याची सातवी आवृत्ती निघते आहे. तेव्हा हे कामाचं पत्र समज.

ते पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर कसं झालं ते तुला मी सांगायला नको. उदाहरणांना माणसं लागायची आणि मला घरातलीच सापडायची. नाम-सर्वनामाच्या धड्यात तर आपलं अख्खं घर नांदतं. 'बाबांनी बाबांचा चष्मा बाबांच्या डोक्यावर ठेवला आणि बाबा बाबांचा चष्मा शोधत बसले', यात नावाच्या जागी 'ही' आणि 'हिज' कुठे घालायचं ते मुलांनी ठरवायचं. 'मुंगीची छत्री हरवली. ती तिला बसमध्ये सापडली', यात 'शी' कोण आणि 'इट' काय ते लिहायचं. वाक्यं माझी आणि पाठीमागची उत्तरं तुझी, ही वाटणी तू दहा वर्षांची असल्यापासूनची. तू जीभ बाहेर काढून पेन्सिलीनं सगळे प्रश्न सोडवायचीस आणि त्यांचीच उत्तरांची पानं व्हायची. आणि आपला एक नियम होता. तू एखाद्या प्रश्नाला अडलीस, तर चूक वाक्याची. मी मुकाट्यानं वाक्य बदलायचे, तुला कधी एका शब्दानं बोलले नाही.

पुढे तू मोठी झालीस आणि मी तो नियम विसरले. मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकून तुला शाळेत चिकटवली, आणि तू भर सत्रात राजीनामा देऊन बेकरीत पीठ मळायला गेलीस. वर्गात उभी राहिले की घसा आवळतो, असं तू दोनदा सांगितलं होतंस. मला ते तेव्हा नखरे वाटले. चारचौघांत नाक कापलं म्हणून मी काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असणार, माझ्या तर आहेच. तुझं नाव पुन्हा तोंडी घेणार नाही, असंही म्हटलं, आणि हट्टानं पाळलं. तेव्हापासून घरात मी तुला 'ती' म्हणते. आधी नाव आल्याशिवाय सर्वनाम वापरू नये, वाचणाऱ्याला कळत नाही, हे मी तीस वर्षं घसा फोडून शिकवलं. पण आपल्या घरात 'ती कोण?' असं कधी कुणाला विचारावं लागलं नाही. दादा तुला भेटून आला की मी भांडी घासत पाठमोरी उभी राहते आणि ऐकते. पहाटे चारला भट्टी पेटवतेस, मनगटावर भाजल्याचे डाग आहेत, गव्हाचा पाव दुपारपर्यंत संपतो, सगळं मला ठाऊक आहे.

आता जे तुला दादानं सांगितलेलं नाही ते सांगते, कारण ते त्यालाही माहीत नाही. तू गेल्यावर सहावी आवृत्ती निघाली, तेव्हा मी तुला पुस्तकातून काढून टाकलं. छत्रीवाली, झाडावर चढलेली, दात पडलेली, सगळीकडे तुझ्या जागी कुठल्याशा मुलीचं नाव घातलं. एका दुपारचं काम. उत्तरांच्या पानांकडे मात्र बघितलंही नाही. ती तुझी पानं, मी त्यांना कधी हात लावला नव्हता. ती तशीच छापून गेली.

गेल्या महिन्यात प्रकाशकांनी मुलांच्या पत्रांचा गठ्ठा पाठवला. सगळ्यांची तक्रार एकच. प्रश्नांमध्ये मुंगी नावाचं कुणीच नाही आणि पाठीमागे अकरा उत्तरांत ती आहे. एका मुलीनं लिहिलंय, 'बाई, मी पुस्तक दोनदा शोधलं. मुंगी हरवली आहे का?' प्रकाशक म्हणाले, सोपं आहे, अकरा ठिकाणी रेघ मारा. मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्या उत्तराशीच हात थांबला. मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाणी बरं नाही म्हणून पेन ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तरं राहू दिली आणि प्रश्न बदलले. अकराच्या अकरा ठिकाणी तू परत आली आहेस. चूक वाक्याचीच होती, मुंगी. तेव्हाही माझीच होती.

या पत्राचं कारण बारावं वाक्य आहे. ते मी नवीन घातलंय: 'मुंगी पाव भाजते. तिच्या आईनं तो अजून चाखलेला नाही.' यात 'हर' म्हणजे कुणाच्या आणि 'इट' म्हणजे काय, ते मुलांनी लिहायचं. उत्तराची जागा कोरी ठेवली आहे, कारण ते पान तुझं. छपाईला अजून पंधरा दिवस आहेत. शनिवारी सकाळच्या बसनं कागद घेऊन मी तुझ्या बेकरीत येते. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहीन, तुला सवड होईल तेव्हा बोल. दुपारपर्यंत पाव संपतो म्हणे, तर एक माझ्यासाठी बाजूला ठेव. म्हणजे ते वाक्य खोटं ठरेल आणि मला छापण्याआधी बदलता येईल.

तुझीच,
आई