चार बोटं खोड

तुम्ही मला फसवलंत. हे गवत मरत नाही म्हणाला होतात. गाय मरंल, गोठा पडंल, तू म्हातारी होशील, पण ह्याचं मूळ जित्तं राहील, हे तुमच्या तोंडचं वाक्य आहे, मी पदरचं घालत नाही. तर या आन् बघा. गोठ्याच्या मागं बांधाला दोन ओळी होत्या, एकेक ठोंब रांजणाच्या घेराचा. आता तिथं वाळक्या केरसुण्या उभ्या आहेत, हात लावला की पापडासारखं पान मोडतं. आधी एवढं सांगून टाकते, मग बाकीचं. तुमच्या वेळचा 'जोहार मायबाप' आपण कवाच सोडला, म्हणून नुसतं मामंजी म्हणते.

मेलेल्या माणसाला कागद लिहिते हे कळलं तर तुमचा नातू मला घरात ठेवायचा नाही. तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांत आपण बौद्ध झालो. श्राद्ध बंद, पान वाढणं बंद, पितर बंद. चांगलं झालं, कावळ्यांची फुकटची पंगत उठली. पण मग माणसानं भांडायचं कुणाशी? नातू दौंडला रेल्वेच्या गँगवर आहे, महिन्यातनं एकदा येतो, आला की मला समजावतो, आई, मेलेलं माणूस ऐकत नसतं. मी म्हणते, जितं तरी कुठं ऐकतं? आज कामाला सुट्टी आहे म्हणून गोठ्याच्या सावलीला बसून लिहिते. ह्याच भिंतीवर तुम्ही मला कोळशानं अक्षरं शिकवलीत. मी 'न्हाई' लिहिलं की हातानं पुसायचात. "बोलताना न्हाई, कागदावर नाही. कागद चारचौघं वाचत्यात, पोरी." हा कोणी वाचणार नाही, तरी सुधारून लिहिते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी थोरल्या मळ्याच्या बांधावर गवत कापत होते. आपल्या वस्तीतल्या सगळ्याच बाया कापायच्या, आधी विचारून, मग वाकून, मग ऐकून घेऊन. त्या दिवशी मळ्याची सून आली, माझ्याच वयाची, नाकात ही एवढी नथ. तिनं माझ्या हातातला विळा हिसकला, भारा पायानं उधळला आन् म्हणाली, "बांध तुझ्या बापाचा हाय व्हय?" मी रिकाम्या हातानं घरी आले. तुम्ही दौंडवरनं सुट्टीला आलेले, ओट्यावर बसलेले. मला वाटलं, सासरा उठेल, मळ्यात जाऊन चार शब्द सुनावील. तुम्ही उठलात आन् मलाच सुनावलंत. "इळा गेला तर जाऊ दे. तू मागायला गेलीस कशाला? परत दुसऱ्याच्या बांधावर उभी राहिलीस तर ह्या घरात यायचं न्हाई." मी म्हणाले, "मग गाईला काय घालू, तुमचा पटका?" तर म्हणालात, "इचार तुझ्या सासूला," आन् चालू लागलात. हीच तुमची रीत. प्रश्न अवघड आला की आत्याबाईंना पुढं करायचं. त्या चुलीपाशनं ओरडल्या, "मला काय इचारती? मी काय गाय हाय?"

पुढच्या सुट्टीला तुम्ही आलात ते डोक्यावर ओलं पोतं घेऊन. दौंडच्या रेल्वे कॉलनीत साहेबाच्या गाई तुम्ही सांभाळायचात, त्या गाईंसाठी तिथं हत्तीगवत लावलेलं, त्याचे ठोंब. भीमा ओलांडताना पोतं भिजवलंत, पुढं दर ओढ्याला भिजवलंत. तुम्ही स्वतः पाणी प्यालात का विचारलं तर तुम्हाला आठवेना. हाताहातावर खड्डे घेतलेत, शेणखत घातलंत आन् मला जवळ बसवून सांगितलंत, "बुडात कापायचं न्हाई. चार बोटं खोड ठिवायचं. त्याचा जीव त्या चार बोटांत असतो. तेवढं ठिवलंस तर तुझ्या नातवंडांच्या गाईला पुरंल." आन् खोडाला हात लावून दाखवलात तर बोटं तीनच. एक साहेबाच्या गवत कापायच्या मशीनमध्ये गेलेलं. मी फटकळ, म्हणाले, "मामंजी, ही तर तीनच भरली." तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी तेवढंच पाहिलं. "चौथं गवतानं खाल्लं दौंडात. ते तू तुझं लाव."

तवापासून मी खाली तुमची तीन मोजते, वर माझं एक लावते, मग विळा घालते. गावानं त्याला दौंडी नाव ठेवलं. ते वाढून डोक्याच्या वर गेलं तवा मळ्याचा कारभारी रस्त्यावरनं म्हणाला, "काय गं, वस्तीत ऊस लावला व्हय?" मी म्हणाले, "ऊस तुम्हीच लावा. आमच्या गाईला गोड सोसत न्हाई." तुम्ही गेलात, आत्याबाई गेल्या, पाबळच्या बाजारातनं आणलेली ती गाय गेली, तिच्या कालवडीची कालवड दावणीला आली, गवत तेच. मी कुणाच्या बांधावर पाय ठेवला नाही. एवढं तुमचं ऐकलं, आता माझं ऐका.

मागल्या साली पाऊस नाही, त्याच्या आदल्या साली होता म्हणायला होता. आता नदीच्या वाळूत खड्डा करायचा, पाझर यायची वाट बघायची आन् वाटीनं हंडा भरायचा, त्यात निम्मा दिवस जातो. तुमचा मुलगा आन् मी दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडतो. सुनेच्या अंगावरचं दूध आटलं. तुमची पणती दहा महिन्यांची आहे, बसायला लागली होती, ती परत आडवी झाली. रडली की आवाज येत नाही, नुसतं तोंड उघडतं. ती आहे ती ह्या गाईच्या पेलाभर दुधावर. लोक म्हणतात, गाय छावणीत ने, तिथं वैरण आहे. नेते. मग गाय तिकडं दोन कोसांवर जगंल, दूध तिकडं, आन् पोरगी इकडं. कुणाला जगवू ते सांगा.

ठोंबांना मी भांड्यांचं पाणी घातलं, पोरीच्या अंघोळीचं घातलं, मग अंघोळच राहिली नाही. आधी वरची वाळकी पानं गाईला घातली. मग चार बोटांवर आले आन् थांबले. दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी पेला भरला नाही. आधी माझं बोट तोडलं, मग तुमची तीन. तेही संपलं तवा कुदळ घेतली, ठोंब खणले, माती झटकली, दगडानं कुटून गाईपुढं टाकले. ती मुळं चावते तवा खडी फोडल्यासारखा आवाज येतो. म्हणजे केरसुण्या उभ्या आहेत असं मी वर लिहिलं ते खोटं. तिथं खड्डे आहेत. तुम्ही फसवलं नव्हतंत. ते मेलं नाही, मी खाल्लं. गाईच्या तोंडानं खाल्लं, एवढंच.

एकच राहिला होता, कोपऱ्यातला, तुम्ही पहिला लावलेला, चार बोटं खोडासकट. त्याला कुदळ लावणार तर मागनं आवाज आला, "सगळं खणलंस का काय?" मळ्याची ती सून. आता म्हातारी झाली, नथ गेली, नाक तेवढं राहिलं. बांधापलीकडंच उभी.

मी म्हणाले, "दिसत न्हाई व्हय?"

"त्यो एक दे मला. आमच्या हिरीच्या थारोळ्यापाशी, मोटंचं पाणी पडायचं तिथं, अजून ओल हाय. जगंल तिथं."

"आधी माझा इळा दे."

"कंचा इळा?"

"हातातनं घेतलास त्यो."

"अगं बाई! तीस वर्सं झाली. त्यो झिजून मातीला मिळाला."

"आमचं गवतबी मातीलाच मिळालंय. जा."

ती गेली नाही. म्हणाली, "आमचा एक बैल बसलाय, उठत न्हाई. आमच्या बांधाला काडी न्हाई. तू मला आज दे, पाऊस झाला की येऊन माग, मी देईन."

येऊन माग. तिच्या मनात काही नसेल, तिला शब्दच तेवढा येतो. मी तिला हाकललं. पण कुदळ काही चालेना. गाईला घातला असता तर एका दिवसाचं दूध, आन् मग पाऊस आला तरी लावायला बोटभर मूळ नाही. आज सकाळी मी तो खणला, ओल्या फडक्यात गुंडाळला आन् थोरल्या मळ्यात गेले. ज्या विहिरीवर आपली सावली चालत नव्हती, तिच्या थारोळ्याखाली मी आपल्या हातानं खड्डा घेतला. ठोंब लावला, खाली तुमची तीन, वर माझं एक. ती उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय मोजती गं?" मी म्हणाले, "माणसं."

तर मी दुसऱ्याच्या बांधावर उभी राहिले. ह्या घरात यायचं नाही म्हणाला होतात, तरी आले, पोरगी इथंच आहे. पाऊस येईल का माहीत नाही. पोरगी तोवर राहील का, तेही मला माहीत नाही. हा कागद कुठं जायचा नाही, तो मी गोठ्याच्या भिंतीत खोचते, तुमची अक्षरं होती तिथं.

अजून एक. परत येताना तिच्या गोठ्याच्या कुडात विळा खोचलेला दिसला. मूठ आपलीच, तुम्ही तार गुंडाळलेली. झिजलाबिजला काही नाही. मी बघितला आन् पुढं चालू लागले. मागायचं नाही म्हणाला होतात, म्हणून ह्या खेपेला इळा मागितला न्हाई. पण पाऊस पडला तर गवत मागायला जाऊ का? ह्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. आत्याबाईंना पुढं करायचं न्हाई.