लुपेनं दिवा लावला नाही

शुगर लँड, टेक्सस
१४ ऑगस्ट १९८६

प्रिय शोभा,

मॉरल सायन्सच्या तासाला मागच्या बाकावर आपण दोघी मिळून एकच कादंबरी वाचायचो, आठवतं? तू हळू वाचायचीस, म्हणून पान उलटायला मी तुला कोपरानं ढोसायचे. नायक नायिकेचं मनगट पिरगाळायचा, वळ उठायचे, आणि आपण सुस्कारे टाकायचो.

नेपरव्हिलला सगळे बरे असाल. इथं उकाडा फार. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे. मोटारीच्या दारात बोटं सापडली.

शेजारच्या लुपेबद्दल तुला फोनवर सांगितलं होतं. तिच्या मेक्सिकन गाण्यांच्या कॅसेट लावून आम्ही कपड्यांच्या घड्या घालायचो. ती मला अर्थ सांगायची: तू गेलीस तर मी मरेन, दुसऱ्याची झालीस तर तुला मारेन.

"सगळी अशीच?" मी विचारलं.

"नाही. काहींत तो आधी दारू पितो."

मी हसायचे, आणि डोळे भरून यायचे.

शनिवारी संध्याकाळी तिनं सोडलेला नवरा, रामोन, वाजंत्री घेऊन खिडकीखाली गायला आला. त्यांच्यात रीत आहे, बाईनं खिडकीत दिवा लावला की होकार. किती सुंदर गायला गं. मी मनात म्हणत होते, लाव गं बाई दिवा.

लुपेनं लावला नाही. त्यानं गिटारनं काच फोडली, आत शिरला आणि गिटार मोडेपर्यंत तिच्या तोंडावर मारत राहिला. वाजंत्री पळाले. मी टॉवेल घेऊन धावले. तिचा जबडा माझ्या हातात हलत होता. पोलीस त्याला नेत होते तरी तो ओरडत होता, तुझ्यावाचून मी जगू शकत नाही.

घरी आले तर दारात त्र्यंबक. "कुणाला विचारून गेलीस?"

शोभा, ते मोटारीचं दार नव्हतं. त्यानं माझी बोटं मागे वाकवली, कडकन आवाज येईपर्यंत. मग स्वतःच बर्फ लावला, रडला, आणि रामोनचंच वाक्य मराठीत म्हणाला. लग्नाची तीस वर्षं हेच म्हणतोय. मी दर वेळी दिवा लावत आले.

उद्या लुपेला हॉस्पिटलातून सोडतील. आम्ही दोघी तिच्या बहिणीकडे सॅन अँटोनिओला जातोय. त्र्यंबक फोनवर कितीही रडला तरी सांगू नकोस.

सोबतच्या पार्सलातल्या कॅसेट तुला. चाली खरंच गोड आहेत. कादंबऱ्या कुणालाच नकोत. माझ्या आईच्या पाटल्या दीपाला, तुझ्याकडे आली की दे. परवा फोनवर ती म्हणाली, "आई, विक्रम जरा पझेसिव्ह आहे, बट ही लव्ह्ज मी." तिला मराठी वाचता येत नाही. पाटल्या देण्याआधी तिला समोर बसव आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

अजून तुझ्याच बाकावरची,
सरला