टोपलीतल्या एकेचाळीस फायली

प्रिय टिटवे,

फोनवर तू रडायला लागलीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि जीभ चालली नाही तर मी कसली? म्हणून कागद घेतला. चौथी पास बाईचं अक्षर आहे, चुका मोजत बसू नकोस.

तू सांगितल्यापासून कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. गुरुवारी तुझा तो माणूस येणार, आतली डिस्क काढून नेणार आणि पुसलेलं परत मिळवून देणार, असं तू म्हणालीस. त्याच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. महिनाभर तू एकच रडगाणं लावलं आहेस, की माझ्या यादीनं घात केला, आजोबांनी बाबांचं सगळं लिहून ठेवलं होतं आणि मीच ते आजीला पुसायला लावलं. आता डोळे पूस आणि नीट वाच.

तू दोन वर्षांची होतीस तेव्हा तुझा बाप लिफ्टच्या खड्ड्यात गेला. बाप-लेक दोघंही लिफ्ट दुरुस्त करायचे, एकाच कंपनीत, एकाच जोडीनं. ब्रेक निकामी होऊन लिफ्ट खाली आली, असं कंपनीनं लिहिलं आणि तेच आम्ही तुला सांगितलं. वर्षभरात तुझ्या आईनं दुसरं घर केलं. मी तिला कधी नावं ठेवली नाहीत. तुला वाढवलं ते आजोबांनी. मी फक्त ओरडले.

तू दहावीत असताना घेतलेलं ते यंत्र तू परगावी गेल्यावर त्यांनी ताब्यात घेतलं. शेवटी शेवटी त्याची अशी गत झाली होती की बटण दाबावं, चहा टाकावा, प्यावा, कप विसळून ठेवावा, तरी पडदा आपला काळाच. आत पंखा असा घरघरायचा की मी म्हणायचे, तुम्ही आणि हे डबडं एकाच दिवशी गचकणार. हे एका बोटानं अक्षर दाबायचे, ते काही उमटायचं नाही, म्हणून परत दाबायचे, मग पाच अक्षरं एकदम येऊन पडायची आणि चार खोडण्यात हातचा वेळ जायचा. एका ओळीला अर्धा तास. मी झाडू घेऊन खोलीत शिरले की पडद्यावरचं झाकायचे. एकदा विचारलं, या वयात कुठली भवानी गाठलीत? हसले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कारण माझ्या वाकड्या बोलण्यावर तो माणूस नेहमी हसायचा.

जाण्याआधी महिनाभर त्यांनी तुला सांगितलं, की तुझ्या बाबाचं सगळं लिहून ठेवलंय, जिथे कुणी हात घालत नाही तिथे आहे. ते गेल्यावर तू आलीस, चार दिवस सगळे कप्पे उपसलेस, काही मिळालं नाही. निघताना तू मोठ्या अक्षरात नऊ कलमांची यादी भिंतीला चिकटवलीस, की आजी, एवढं कर म्हणजे यंत्र जरा पळेल आणि आपल्याला एकमेकींचं तोंड तरी बघता येईल.

ती यादी मी अक्षर न अक्षर पाळली. पिन काढली, डब्याचं कडेचं झाकण उघडलं, जुन्या रंगाच्या ब्रशनं पंख्यातली धूळ काढली. धूळ कसली, गोधडीच निघाली. यंत्र सुरू होताच आपणहून उठून बसणारे चौदा उपटसुंभ प्रोग्राम तू फोनवर सांगत गेलीस तसे एकेक करून बंद केले. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या मेकॅनिकनं येऊन मेमरीची नवी पट्टी बसवली. तो म्हणाला, आजी, यंत्र म्हातारं नव्हतं, त्याला ओझं झालं होतं. मी म्हटलं, घरात सगळ्यांचं तेच आहे. त्यानंतर चहाला उकळी फुटायच्या आत पडदा उजळायला लागला.

आठवं कलम होतं, केराची टोपली रिकामी कर. बये, मी तीस वर्षं ऑफिसांमधल्या टोपल्या रिकाम्या केल्या. आत हात घालून बघितल्याशिवाय एकही ओतली नाही. साहेबांची पेनं, बायकांची कानातली, एका पोरीचं नोकरीचं पत्र, काय काय परत केलं आहे. तर पडद्यावरच्या टोपलीतही मी डोकावले. आत एकेचाळीस फायली होत्या. सगळ्यांवर तुझ्या बापाचं नाव आणि पुढे आकडा. माणूस लिहायचा, टोपलीत टाकायचा, परत पहिल्यापासून लिहायचा. वर ठेवायची छाती नाही आणि ओतून टाकायचीही नाही.

यादी पाळताना चुकून पुसलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे. एकेचाळिसावी फाइल मी उघडली आणि वाचली. बोट ठेवून, अक्षर जुळवत, अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी टोपली रिकामी केली. खरंच करायचं का, असं यंत्रानं विचारलं आणि मी हो म्हटलं. पापणी लवायच्या आत सगळं गेलं. पहिल्यासारखं ते रखडलं असतं तर मधेच थांबवायची बुद्धी मला झाली असती की काय, कुणास ठाऊक.

त्यात काय होतं ते सांगते. लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. खड्ड्यात उतरणारा आधी वर जाऊन मशीनच्या खोलीतला फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात घालून खाली उतरतो. तो वर येऊन फ्यूज परत लावेपर्यंत लिफ्ट हलूच शकत नाही. म्हणून दुसऱ्यानं जादा फ्यूज जवळ बाळगायचा नाही, जादाचे सगळे कुलपाच्या पेटीत. त्या दिवशी तुझा बाप फ्यूज घेऊन खाली गेला. आजोबा वर होते. लिफ्ट कधी सुरू करताय, म्हणून इमारतीचा माणूस तिसऱ्यांदा येऊन तोंड वाजवून गेला. यांनी पोराला हाक मारली, ओ आली नाही. यांना वाटलं, वर येऊन चहाला गेला आणि फ्यूज त्याच्या खिशातच राहिला. स्वतःच्या खिशात हात घातला, तर एक फ्यूज हाताला लागला. तो लावला.

ब्रेक ठणठणीत होता. लोक धावत येण्याआधी यांनी फ्यूज काढून घेतला, आणि पोराच्या खिशातला त्याच्या खिशातच होता. कंपनीला ब्रेकचं कारण सोयीचं पडलं, यांनी मान हलवली. सव्वीस वर्षं हे पोटात ठेवून तुझी वेणी घालताना, तुला सायकल शिकवताना त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल, ते मी लिहू शकत नाही.

इथपर्यंतच असतं तर मी पुसलं नसतं. नवऱ्याची चूक सांगायला मी कधी कचरले आहे? पण तो फ्यूज त्यांच्या खिशात आला कुठून, हेही त्यांनी लिहिलं होतं. आदल्या दिवशी कपडे भिजवताना त्यांच्या मळक्या पँटीत मला तो सापडला, पेटीत परत टाकायचा राहून गेलेला. हरवला तर बोलणी खातील, म्हणून मी तो धुतलेल्या पँटीच्या खिशात घातला आणि सांगायला विसरले. नंतर कधी आठवलंही नाही. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फायलीत त्या वाक्याखाली लिहिलं होतं, हे तिला कळता कामा नये. आजोबांना तुझ्या नजरेतून उतरू द्यायचं नव्हतं म्हणून पुसलं, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी स्वतःला वाचवायला पुसलं. आणि तू तिकडे एका यादीपायी जेवणखाण सोडून बसलीस. तुझ्या यादीत काडीची चूक नव्हती, एवढं सांगायला हा सगळा खटाटोप. माणूस पाठवायचा की नाही ते तू ठरव, आला तर मी दार उघडीन. फायली परत मिळाल्याच तर सगळ्या वाच. पहिल्या चाळीसांत त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं आहे, ते मला माहीत नाही. त्या उघडायची माझी हिंमत झाली नाही.

अजून म्हणवत असेल तर, तुझीच
आजी