सारवलेलं रान

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा एक राग माझ्या पोटात तसाच आहे. विहिरीकाठचं आपलं मिरचीचं रान हुमणीनं धरलं होतं. सकाळी टवटवीत दिसणारं रोप दुपारी मान टाकायचं, उपटलं की मुळ्या खाल्लेल्या अन् खाली पांढरी, वाकडी अळी. आबा गेल्यापासून त्या तुकड्यावरच आपल्या दोघींचं पोट होतं, आणि चुलत्यानं चारचौघांत बोली केली होती, "वैनी, मिरगापातूर रान नीट करून लावा. न्हायतर म्या कसणार." तू पदर खोचून "व्हय" म्हणालीस.

मग ऐन उन्हाळ्यात तू मोटेच्या पाण्यानं वाफे भिजवलेस, लिंबाचा पाला, एरंडीची पेंड, गोठ्यातलं सगळं गदाळ मातीत गाडलंस आणि वरून शेणकाल्यानं अख्खं रान सारवायला बसलीस. बांधावरून बाया खिदळायच्या, "अगं बया, आता रांगोळी बी काढ!" तू म्हणायचीस, "उकिरड्याच्या पोटात हात घालून बघा, भाजतंय का न्हाय? खालनं उकिरडा, वरनं ऊन. किड्यानं जावं कुठं?" मी तडे लिंपत तुझ्यामागं सरकतेय, गुडघे पोळतायत, आणि तू ओव्या म्हणतेयस. तेवढं खूश मी तुला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं साल. गावावर धाड येणार अशी हूल उठली आणि आपण भाकरी फडक्यात बांधून सरहद्दीपलीकडं, बार्शीकडं निघालो. चुलता घर राखायला थांबला. मिरीग तिकडंच बरसला. तू नुसती गावाच्या दिशेला बघत बसायचीस. राज्य बदलल्यावर परतलो, तर आपल्या रानात मिरची लगडलेली. चुलत्यानं सारवण फोडून लावली होती. "बोली झालती, वैनी," एवढंच म्हणाला. तू भांडली नाहीस गं! खाली बसलीस, एका रोपाच्या बुडाशी माती उकरलीस आणि लहान पोरीसारखी ओरडलीस, "बघ की! एक बी अळी न्हाय!" दुसऱ्या दिवशी त्याच रानात मजुरीनं मिरची तोडायला गेलीस. हात चालेनासे होईपर्यंत जात राहिलीस.

गावात अजून कुणी म्हणतं, तुझी आई लई हिकमती. मी मान डोलावते. रान गेलं ते गेलंच, आता चुलत्याचे नातू कसतात, आणि मी तिकडून जायचंही टाळते. हिकमत खरी ठरली म्हणून मला एक दिवस बरं वाटलं नाही. हा कागद कुणाला धाडायचा नाही, म्हणून सांगते. तू माती उकरत होतीस ना, तेव्हा मी देवाला म्हणत होते, एक तरी हुमणी निघू दे.