गिअरबॉक्समधलं तेल

सूनबाई,

तुला खरं वाटणार नाही, पण सकाळी चढावर आपली गाडी उलटी घसरायला लागली, तेव्हा मी खाली उतरून तिला एका खांद्याने थोपवून धरली. आता खांदा बरा आहे, गाडी मात्र नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय. मिस्त्री म्हणतो, बिघडलेला एक भाग बदलला तर गाडी उद्या मिळेल. सगळा खोलून नव्याने बांधायचा तर दोन आठवडे. तुझ्या आईला दिवसाआड दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणून मी भागच बदलायला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "काका, चुकीचं तेल नाही ना गेलं आत? गेलं असेल तर गाडी पुन्हा रस्त्यातच बसेल." मी छातीठोक सांगितलं, गिअरबॉक्सच्या झाकणाला कुणाचं बोटही लागलेलं नाही. चारला तो काम सुरू करेल. तू त्याला फोन करायची काही गरज ना—

हे लिहितोय तोच तुझ्या सासूबाई मागून कडाडल्या, "अहो, थापा पुरे! रविवारी गिअरबॉक्समध्ये इंजिनचं तेल तुम्हीच ओतलंत, नरसाळं मी धरलं होतं. आणि उद्या त्या गाडीत विहीणबाई बसणार आहेत!"