तिसऱ्या पानावरची मुंगी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय कापडावरील छपाईसाठी नक्षी काढणे, तोही स्वतंत्रपणे, आयुष्यात कुणाचीही नोकरी न करता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असणाऱ्यांनी अक्षर पाहावे. दबाव म्हणाल तर परवा सकाळी हृदयाची झडप बदलायची आहे, तिचा आहे. मात्र तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे वकिलांचे मत पडले. यापूर्वीचे तीन मसुदे मी फाडले. तिन्ही वेळा गाडी पाचव्या कलमाशी अडली.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरील माझे राहते तीन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या एका कन्येस मिळावे. ते मी आणि माझे यजमान, आता हयात नाहीत, दोघांनी मिळून घेतले. यजमान सज्जन होते. त्यांनी लेकीची एक वेणी घातली की शेजारी आठवडाभर कौतुक चाले. उरलेल्या वेण्या कोण घालत होते, हे कुणी विचारले नाही. ते येथे नोंदवते आणि विषय संपवते.

कलम २. बँकेतील ठेवी कन्या व नात यांना समसमान.

कलम ३. दिवाणखान्यातील भिंतीवरचे घड्याळ माझ्या नणंदबाईंना द्यावे. चालू स्थितीत आहे. त्या वर्षानुवर्षे सकाळी अकराला, माझ्या कामाच्या ऐन वेळेला, न कळवता येत आणि म्हणत, “तू काय, घरीच असतेस. मोकळीच ना?” मी चहा टाकत असे आणि आत ताटलीत कालवलेला रंग वाळून जात असे. घड्याळ त्यांनी समोरच लावावे.

कलम ४. कामाची खोली, खालून दिवा असलेले काचेचे टेबल, भिंगे आणि कुंचले कन्येचे. कुंचले टोक वर करून ठेवावेत. आडवे ठेवणाऱ्याला ते देऊ नयेत. कन्या कापडी बाहुल्या करते, त्यांचे खेळ लावते, आणि तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे. हे मी तिला सांगितलेले नाही. नात झाल्यापासून आठ महिने तिच्या टेबलावर दुपट्यांच्या घड्या आहेत. विचारले की म्हणते, “ही जरा मोठी होऊ दे, मग बघू.” त्या ‘मग’ची मला फार धास्ती वाटते. ती माझ्यासारखी दार लावून बसेल, ही धास्तीही तितकीच आहे. एकाच वेळी दोन्हींची भीती बाळगणे तर्काला धरून नाही, हे मला समजते. म्हणून अट अशी: खोलीला दार असावे, ते लावताही यावे, परंतु आतली कडी माझ्यामागे काढून टाकावी.

कलम ५. सदर कडी का बसवली, ते असे.

बत्तीस वर्षांपूर्वी एका गिरणीसाठी मी वेलीची नक्षी काढली. असल्या नक्षीची उजवी कड डाव्या कडेला तंतोतंत जुळावी लागते, कारण तोच तुकडा कापडाच्या अख्ख्या ताग्यावर पुन्हा पुन्हा छापला जातो, त्यातली चूकही. म्हणून पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक काम भिंगाखाली तीनदा तपासते. त्या दिवशी दोनदाच तपासले. कन्या पाच वर्षांची होती, शाळेच्या नाटकात झाड झाली होती, आणि चार वाजता पोचण्याचे मी वचन दिले होते. गुंडाळी गिरणीच्या माणसाच्या हाती देऊन धावत सुटले. पोचले तेव्हा झाड रंगमंचावरून उतरले होते.

पंधरा दिवसांनी छापलेला नमुना आला. डावीकडून तिसऱ्या पानावर एक काळी मुंगी होती. वीतभर पुढे तिसऱ्या पानावर पुन्हा ती. साऱ्या ताग्यावर ती. मी कन्येला समोर उभे केले. तिने लगेच कबूल केले, काहीशा ऐटीतच. “ते पान एकटं होतं ना, आई.” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावून कडी बसवली.

त्याच आठवड्यात गिरणीतल्या नक्षी-खात्याच्या साहेबांचा फोन आला. दुकानदार कापडावर तुटून पडले होते. “बाई, मुंगीची कल्पना कुणाची?”

मी म्हणाले, “माझी.”

पुढे प्रत्येक गिरणी विचारू लागली, यात किडा कुठे आहे? मी भुंगे काढले, टोळ काढले, सुरवंट काढले. प्रत्येकाचे पाय ग्रंथ उघडून मोजले. मला ‘मुंगीवाल्या बाई’ म्हणू लागले. दोन सन्मानपत्रे भिंतीवर आहेत, ती याच नावाची. आणि हे सारे मी कडी लावून काढत असे. दाराखालच्या फटीत दोन लहान पावलांची सावली दिसे. कधी घटकाभर, कधी पुष्कळ. ती हलेपर्यंत माझा हात स्थिर होत नसे. दार मात्र मी उघडले नाही. आपण आईचे काम बिघडवले, असे कन्या समजत राहिली. नंतर तिने कागदावर रेघ ओढलेली मी पाहिली नाही. ती कापडाकडे वळली.

सबब मी जाहीर करते की मुंगीची कल्पना कन्येची होती. त्या नक्षीचे सर्व हक्क तिचे. दोन्ही सन्मानपत्रे उतरवून तिच्याकडे द्यावीत. तिने ती जाळली तरी कुणी मध्ये पडू नये.

पुरवणी. वरील मजकूर तिने माझ्यामागे वकिलांच्या तोंडून ऐकावा, असे योजले होते. आज सह्यांपूर्वी पाने पुन्हा वाचताना ती योजना मला भेकड वाटली. मी कन्येला आत बोलावले. ती नातीला कडेवर घेऊन आली. पाचवे कलम मी मोठ्याने वाचले. आवाज दोनदा गेला. झडपेचे कारण पुढे केले.

कन्येने नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतले. मग म्हणाली, “मुंगी नव्हती गं ती. कोळी होता. आठ पाय काढले होते मी. तू मोजलेच नाहीस.”

गिरणीतून परत आलेली मूळ नक्षी मी कपाटातून काढली आणि भिंगाखाली धरली.

आठ.

तिने विचारले, “आता सगळं परत लिहून काढणार ना?” मी नाही म्हटले. तिने खुर्ची ओढली आणि भिंग मागून घेतले.

तरी या दस्तात व त्याच्या शीर्षकात जेथे जेथे ‘मुंगी’ असे लिहिले आहे, तेथे ‘कोळी’ असे वाचावे. पान बदललेले नाही.

स्थळ: कामाची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, बुधवार, दुपार

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार (दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली):
१. तळमजल्यावरील दंतवैद्य
२. सुतार, ज्यांनी कलम ४ मधील कडी बत्तीस वर्षांपूर्वी बसवली व आज, अटीची वाट न पाहता, काढली