तांबडीचा पान्हा

४ जानेवारी
आलो एकदाचे! गोठ्यामागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या आहेत. भिंतींना नवा चुना, खिडकीत ऊन आणि दुधाला तोटा नाही. बाळ नुसतं दुधात लोळणार, असं हिचं म्हणणं. तूर्त ते फक्त रडतं. मालक स्वतः सामान उतरवायला आले. बाळ म्हणजे मुलगा हे कळल्यावर हसत म्हणाले, की आमच्याकडे मुलगा झाला की सगळ्यांची तोंडं पडतात. मीही हसलो. नव्या मुकादमाला मालकाच्या विनोदावर हसणं कामातच धरावं लागतं.

९ जानेवारी
तो विनोद नव्हता. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. मालकांनी सांगितलं, त्याला गोठ्याच्या टोकाला बांध आणि पाजू नकोस, विकायचं दूध त्याच्या पोटात कशाला. मग तो जगणार कसा, असं मी विचारलं. खुळ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, आपण कुणाला मारत नाही बाबा, ते आपलं आपण मरतं. वा! हात स्वच्छच्या स्वच्छ. दावं मात्र मी बांधलं. नोकरी नवी, घरात तान्हं मूल. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे गाढवही मीच.

१९ जानेवारी
गोऱ्हा गेला तसं तांबडीनं दूध चोरायला सुरुवात केली. आचळांना हात लावू देईना. त्यावर इथला उपाय ठरलेला आहे. सगळे ज्याला मामा म्हणतात त्या म्हाताऱ्या गड्यानं गोऱ्ह्याचं कातडं मीठ चोळून वाळवलं होतं. आज त्यात पेंढा भरून पोट शिवलं, काठ्यांचे पाय लावले आणि ते तांबडीपुढे उभं केलं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. ती चाटत राहिली, तिला पान्हा फुटला, लगेच यंत्र लावलं. आईला फसवणं इतकं सोपं असतं?

२७ जानेवारी
कातड्याचा वास उडाला. तांबडी तोंड फिरवते. मालक माझ्यावरच घसरले, की गाय आटली तर ती खाटकाकडे आणि तू रस्त्यावर. मामा म्हणाला, कातड्याला पित्या लेकराचा वास लागला पाहिजे. मी घरात गेलो, बाळानं दूध ओकलेलं दुपटं उचललं आणि पेंढ्याच्या वासराला गुंडाळलं. तांबडीनं ते कितीतरी वेळ हुंगलं. मग असं दूध, की बादली पुरेना! मालकांनी माझी पाठ थोपटली. दुपटं कुणाचं हे कळल्यावर मामाचा चेहराच उतरला. म्हणाला, अरे, दुसऱ्या वासराचा वास म्हणत होतो मी. माणसाचा कुणी लावतं का?

३० जानेवारी
तांबडी दावं तोडून आमच्या खिडकीशी आली. हंबरत नाही. व्यायल्यावर गोऱ्ह्याजवळ करायची तसा खोल, हळू हुंकार. बाळ रडायचं थांबलं. दुपटं परत आणायला गेलो, तर वासराच्या अंगावर ते नव्हतं. कुणी नेलं, कुणीच सांगत नाही.

२ फेब्रुवारी
बाळ अंगावर पीत नाही. हिचं दूध आटत चाललंय. ही रडते, काहीतरी करा म्हणते. मी खिडकीला फळ्या ठोकल्या — तरी सकाळी बाळाचं जावळ ओलं, एका बाजूला चोपडलेलं. चाटल्यासारखं. मला भीती वाटतेय. नोकरी सोडतो म्हणून सांगून आलो. बायकोचं दूध आटलंय, हेही बोलून गेलो. मालक म्हणाले, एवढंच ना? मामाला पाठवतो.

५ फेब्रुवारी
सामान बांधलं. गाडी ठरवून दुपारी परतलो — घर शांत. ही खाटेवर, हसत. म्हणाली, मामा येऊन गेले, बाळाला निजवून दिलं. बघा, पान्हा फुटला.

कुशीत बाळ. तेच दुपटं. मी हात लावला — हलकं. फार हलकं. मिठाचा वास —

थोड्या वेळानं
गोठ्यातून रडणं येतंय. आमचंच बाळ. जिवंत आहे. आणि तांबडीचा हुंकार. दाराकडे धावलो — बाहेरून कडी. मालक पलीकडून समजावताहेत. दोघींनाही पान्हा फुटलाय, दोघी शांत आहेत, मग तुझंच काय बिघडलंय, असं विचारताहेत —

दार हलत नाही. खिडकीच्या फळ्या माझ्याच हातच्या, निघत नाहीत — रडणं बारीक होत चाललंय — मी हिला हलवलं, ऐक म्हटलं, ते बघ, तिकडे आपलं —

ही म्हणाली, अहो, हळू बोला, उठेल तो. दुपट्यातून पेंढ्याची एक काडी तिच्या मांडीवर पडली. तिनं ती उचलली आणि बोटानं हळूच पुन्हा आत —